एल्मपासून अकरा पावलं

एझ्रा पर्किसनं फावड्याच्या पात्यानं हिरवळीचा चौकोन कापला आणि डब्याचं झाकण काढावं तसा तो अलगद उचलून बाजूला ठेवला. खालची माती काळी आणि भुसभुशीत होती. तिच्यात काचेचा एक तुकडा चमकला. तो त्यानं बुटाच्या टाचेनं आत दाबला.

"एवढा पुरे?" त्यानं विचारलं.

"ते तुम्हीच सांगा, मिस्टर पर्किस. आयुष्यभर खणत आलात तुम्ही."

"मी खणतो, बाई. कुठं खणायचं ते हल्ली तुम्ही सांगता."

वेनराइटबाई हसल्या. टोमणा त्यांना कळला की नाही, हे त्याला ठरवता आलं नाही. उंच, ताठ बाई. बर्मिंगहॅमच्या कुठल्याशा शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि निवृत्त झाल्यावर मार्लकोटला राहायला आल्या. त्याला नऊ वर्षं झाली होती. गावाचं आणि गावातल्या घराण्यांचं पुस्तक त्या लिहीत होत्या. काखेत कायम एक हिरवी फाइल असायची. चर्चच्या आवारातल्या एकूण एक दगडावरचं शेवाळ खरवडून त्यांनी नावं उतरवून घेतली होती, नकाशा काढला होता, आणि त्या नकाशात उत्तरेच्या भिंतीला लागून चाळीस थडगी ओळीनं मांडली होती.

बाकावर मिस ट्रॅन्टर बसली होती. लीड्सहून आली होती. मांडीवर लाकडी पेटी आणि पेटीत तिच्या वडिलांची राख. 'मला माझ्या बापाशेजारी ठेव,' एवढंच मरताना ते बोलले होते. त्यांचा बाप जोब ट्रॅन्टर, मेंढ्यांसाठी काठ्यांची कुंपणं विणणारा. त्याचा दगड वेनराइटबाईंनी पाच मिनिटांत दाखवला होता. वर मेंढी कोरलेला दगड, भिंतीला टेकून उभा.

"तुम्ही नसता तर मला हे कधी सापडलंच नसतं," असं म्हणत तिनं बाईंचा हात दोन्ही हातांत धरला.

एझ्रानं फावडं पुसलं. त्याला सापडलं असतं. चाळीस वर्षं लांबून कुणी आलं की आधी त्याचं दार वाजायचं. लोक टोपी काढून विचारायचे, 'एझ्रा, आमचा म्हातारा कुठं निजलाय?' आणि तो पुढं चालायचा. आता लोक फाइल विचारायचे.

"उद्या अकराला पाद्रीबाबा येतील," बाई म्हणाल्या. "तयार असेल ना?"

"खड्डा तयार असेल," तो म्हणाला.

भिंतीपाशी कुणीच पुरलेलं नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी गवत कापायचं नवं यंत्र आलं आणि दगड आडवे येतात म्हणून ते उपटून भिंतीला लावले गेले. लावणारे दोघे, एझ्रा आणि टेड होस्किन्स. त्यातला टेड गेला. गावात ज्यांना ते आठवत होतं, त्यांची समजूत अशी की दगडांबरोबर खालची माणसंही हलवली असणार. नाहीतर पाद्री कसा तयार होईल? कुणी विचारलं नाही. एझ्रानं सांगितलं नाही. भिंतीखाली जॅमच्या फुटक्या बरण्या होत्या, कुजलेली फुलं होती, आणि एका जुन्या पाद्र्याचा कुत्रा होता.

खरी जागा एझ्राच्या डोक्यात होती. तेव्हा त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. मेंढीचा दगड, फुलदाणीचा दगड, कोपरा उडालेला दगड, अशी ओळख धरून त्यानं आवारातल्या मधल्या मोठ्या एल्मच्या झाडापासून पावलं मोजली होती. चर्चच्या टॉवरकडे तोंड करून सरळ अकरा पावलं, तिथं मेंढी. डावीकडे चौदा, तिथं फुलदाणी. चाळीसच्या चाळीस त्यानं पाठ केले होते.

उद्या अकराला पाद्री पुस्तक उघडेल, सगळे माना खाली घालतील, आणि तेव्हा तो म्हणणार होता, 'थांबा. इथं कोणी नाही.'

*

"आणि मग?" त्याच्या बायकोनं, आयव्हीनं विचारलं. तिनं त्याच्या पुढ्यात चहा ठेवला. वाचायला त्याला तिनंच शिकवलं होतं, पन्नाशी उलटल्यावर, याच टेबलावर.

"मग काय. बाईंचं तोंड बघण्यासारखं होईल."

"आणि त्या पोरीचं?"

एझ्रा पावाला लोणी लावत राहिला.

"बापाला घेऊन आलीये ती. पेटी हातात धरून उभी असेल आणि तू मध्येच तमाशा करणार. अरे, आज खणताना सांगता आलं असतं की."

"मला कुणी विचारलं?"

"नाही विचारलं. म्हणून पोटात दुखतंय तुझ्या. नऊ वर्षं दुखतंय. त्या बाईनं तुझं घर घेतलं तेव्हापासून."

"घर विकायला होतं. कुणीही घेतलं असतं."

"मग तिच्या दाराच्या रंगाबद्दल रोज का बोलतोस?"

त्यानं चहा अर्धा ठेवला आणि टोपी उचलली. जूनचं ऊन अजून टॉवरवर होतं. उद्या सगळ्यांसमोर चालायचं, तर एकदा चालून बघावं, असं त्यानं ठरवलं.

आवारात कुणी नव्हतं. गवत त्यानं सोमवारीच कापलं होतं. यूच्या झाडाखालचा पुरुषभर लांबीचा एक तुकडा तेवढा नेहमीप्रमाणे सोडला होता. तिथं त्याची आई होती. तिला दगड कधी नव्हताच, त्यामुळं हलवायचाही प्रश्न आला नव्हता. तिथं डेझी फुलायची.

तो मधोमध गेला आणि एल्मला पाठ लावायला मागं सरकला.

एल्म नव्हता. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. रोग येऊन गावातले सगळे एल्म वाळले, त्यालाही सात वर्षं होऊन गेली. बुंधा त्यानंच उपटला होता, खड्डा त्यानंच भरला होता, गवत त्यानंच पेरलं होतं, आणि इतकं चांगलं पेरलं होतं की आता कुठं काही खूण नव्हती. तो अंदाजानं उभा राहिला. टॉवरकडे तोंड केलं. अकरा पावलं चालला. पुन्हा मागं येऊन थोडं बाजूला उभा राहिला आणि चालला. तिसऱ्यांदा चालला. तीन जागा आल्या. तिन्हींवर त्यानं एकेक खडा ठेवला आणि खड्यांमधलं अंतर पाहिलं.

मग त्यानं स्वतःच्या पायांकडे पाहिलं. कंबर धरल्यापासून तो पाऊल टाकत नव्हता, पाऊल सरकवत होता.

तो बाकावर बसला. माती सगळीकडे एकदा ना एकदा खणलेलीच होती. ती काही सांगणार नव्हती.

*

सकाळी आठला त्यानं निळं दार वाजवलं. तो याच दाराआड जन्मला होता. तेव्हा दार कुठल्याच रंगाचं नव्हतं.

"मिस्टर पर्किस! आत या ना."

"नको. बुटाला माती आहे." त्यानं टोपी काढली. "बाई, तुमच्याकडे एल्मचा फोटो आहे का? चर्चमधला मोठा."

"आहेत की, तीन आहेत. का?"

त्यानं टोपीची कड बोटांत फिरवली.

"दगड हलवलेत. माणसं नाही हलवली."

बाईंना कळायला थोडा वेळ लागला. मग गळ्यापासून लाली वर चढत कानापर्यंत गेली. "म्हणजे भिंतीपाशी..."

"कोणी नाही."

"आणि काल तुम्ही तिथं खणत होतात." आवाज शाळेतला झाला होता. "माझ्याकडे बघत."

शिक्षेची वाट बघत असल्यासारखा तो उभा राहिला. पण बाई आत वळल्या आणि फाइल घेऊनच बाहेर आल्या, घरातल्या चपलांवर.

फोटो चर्चच्या दारातून काढलेला होता. त्याच दारात उभं राहून बाईंनी तो डोळ्यांसमोर धरला, दोन पावलं डावीकडे सरकल्या, आणि झाडाचा बुंधा बेकरीच्या चिमणीच्या रेषेत आणला. फोटोत बुंध्याच्या कडेला, मागं दूरवर, एक फाटकाचा खांब दिसत होता. तो खांब अजून होता. दहा मिनिटांत त्यांनी एझ्राला अशा ठिकाणी उभं केलं, की त्याच्या पाठीला साल टोचल्यासारखं झालं.

"चला," त्या म्हणाल्या. "मोजा."

तो हलला नाही.

"माझं पाऊल आता तेवढं नाही राहिलं," तो म्हणाला. "तुम्ही चाला. तुमची टांग लांब आहे."

त्याला वाटलं, त्या हसतील. त्या टॉवरकडे तोंड करून चालू लागल्या. तो मोजत होता. चौथ्या पावलाला त्याच्या लक्षात आलं: ते बरोबर त्याचं पाऊल होतं, चाळिशीतलं. हेही शेवटी बाईंकडेच गेलं होतं.

"...दहा. अकरा. थांबा."

"इथं?"

तो फावडं टेकत पोचला. त्याला सोळा लागली.

"इथंच. आता बाजूला व्हा, बाई. जोबच्या छातीवर उभ्या आहात तुम्ही."

त्या टुणकन उडाल्या. मग दोघंही हसले, आणि दोघांनीही ते लगेच आवरलं.

त्यानं नवा खड्डा खणला, भिंतीजवळचा बुजवला, हिरवळीचा चौकोन थापून बसवला. अकराला अजून तास होता. बाई तिथंच होत्या. नकाशावर त्यांनी भिंतीजवळच्या सगळ्या ओळीवर काट मारली होती, आणि पेन्सिल धरून थांबल्या होत्या. विचारत मात्र नव्हत्या.

"परत एल्मपाशी जा," तो अखेर म्हणाला. "डावीकडे चौदा. फुलदाणीचा दगड."

त्या चालल्या. त्यानं मोजलं. त्यांनी लिहिलं. एकेक करत तो सगळे देत गेला. शेवटच्या दगडाचं नाव लिहून झालं तेव्हा बाई पार पलीकडे होत्या. तिथून त्या सरळ त्याच्याकडे निघाल्या, यूच्या झाडाखालून.

"तिकडून नको," तो ओरडला. "वळसा घालून या."

त्या थबकल्या. पुढ्यात न कापलेलं गवत होतं आणि डेझी. त्यांनी फाइल उघडली, पेन्सिल वर केली.

"का? इथं कोण आहे?"

एझ्रानं टोपी घातली.

"कोणी नाही," तो म्हणाला.