भिंगरीचा बाप

“पडला एकदाचा दात,” काचेखालून नोटा सरकवत पेंटर म्हणाला. “पुढचाच. आता हसली की नुसतं खिंडार दिसतं.”

खिडकीकाकूंना इतका आनंद झाला, की रांगेत मागे उभ्या माणसाला वाटलं, यांच्याच नातीचा दात पडलाय. रक्त आलं का, रडली का, शाळेत कुणी चिडवलं का, अशी सरबत्ती सुरू झाली. पेंटर एकेका प्रश्नाला सावकाश, लाजत उत्तर देत होता. मागच्याने खाकरून पाहिलं. काकूंनी चष्म्यावरून त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याचा खोकला जागच्या जागी बरा झाला.

बाजाराच्या टोकाला, चष्म्याचं दुकान आणि झेरॉक्सवाला यांच्यामध्ये कसंबसं कोंबलेलं ते पैसे पाठवायचं दुकान. घरदार सोडून आलेली माणसं इथे कमाई घेऊन यायची आणि काकू ती मशीनमधून दूरच्या गावी पाठवायच्या. पाठवणाऱ्याचं नाव, त्याच्या कार्डाचा नंबर, घेणाऱ्याचं नाव, आणि शेवटी ‘कारण’. घरखर्च, शिक्षण, औषधोपचार, यांपैकी एकावर बोट ठेवलं की काम झालं. पण एवढ्यावर भागलं तर त्या खिडकीकाकू कसल्या? त्यांना कारणामागचं कारण लागायचं. कोणासाठी, काय झालंय, सून बोलते का, पोरगं अभ्यास करतं का. मालक वैतागून म्हणायचे, की मी दुकान टाकलं होतं, तुम्ही त्याचं माहेर करून ठेवलंत. पण समोरच्या कोपऱ्यावर तसंच दुसरं दुकान होतं, जास्त ऐसपैस, पंखा लावलेलं, आणि तिथे माशा उडत असायच्या. त्यामुळे मालक वैतागायचे तेही बेतानेच.

काकूंची आणखी एक खोड होती, ती मालकांना माहीत नव्हती. एकदा एका गवंड्याचं कार्ड घमेल्यात पडून सिमेंटचंच होऊन गेलं. आई दवाखान्यात, पैसे आत्ताच्या आत्ता हवेत, आणि नियम म्हणतो, कार्ड नाही तर पैसे नाहीत. काकूंनी इकडेतिकडे पाहिलं आणि पाठवणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव घातलं, स्वतःच्या कार्डाचा नंबर घातला. आई वाचली. गवंडी खिडकीसमोर हात जोडून रडला. तेव्हापासून काकूंना चटकच लागली. अडलेल्याला त्या आपलं नाव द्यायच्या. पैसे त्याचे, घाम त्याचा, आपलं फक्त नाव. आणि नाव वापरल्याने झिजतं थोडंच, असा त्यांचा हिशेब.

पेंटरही असाच अडलेला होता. कार्ड नवीन करायला टाकलंय म्हणाला होता, आणि ते काही केल्या परत येत नव्हतं. बायको वारलेली, लेक आत्याकडे, तिचा एक पाय जन्मापासून वाकडा. ऑपरेशनं चालू होती. ‘बरी झाली की भिंगरीसारखी फिरेल बघा,’ असं काकू एकदा बोलून गेल्या आणि तेव्हापासून तिचं नावच भिंगरी पडलं. भिंगरीला गणित आवडत नाही, पालीला घाबरते, ताप आला की बडबडते, हे सगळं काकूंना पाठ. त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं, पण तेवढ्यासाठीच ही माया होती, असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय होईल. दहा मुलं असती तरी त्यांनी अकराव्या मुलाची चौकशी केलीच असती.

मध्ये मशीन कुरकुरायला लागलं. एकाच नावावरून फार वेळा पैसे जातात, म्हणे. काकूंनी मग अधूनमधून नवऱ्याचं नाव घातलं. नवरा बसच्या डेपोत मेकॅनिक. त्याच्या कार्डाचा नंबर त्यांना तोंडपाठ होता. त्याला सांगायचं राहून गेलं. भिंगरीच्या आत्याचं गावही दोनदा बदललं. पेंटर म्हणाला, मोठ्या डॉक्टरच्या मागे हिंडावं लागतं हो.

मग एका दुपारी दुकानातल्या टीव्हीवर ती बातमी आली. दूरच्या एका शहरात, बसस्थानकाच्या प्रतीक्षागृहात स्फोट झाला होता. बाकडी उलटीपालटी, सामान विखुरलेलं, आणि ज्यांची बस लागली नव्हती ती माणसं गेलेली. काकूंना दोन दिवस घास गिळवला नाही. त्याच आठवड्यात पेंटर आला. दोघं मिळून हळहळले. “माणसं राहिली नाहीत, काकू,” तो मान हलवत म्हणाला, आणि काकूंनी पदराने डोळे पुसून भिंगरीचे पैसे पाठवले.

पुढे एका सकाळी काकू शटर वर करत होत्या, तेव्हा पाठीला सॅक लावलेली एक सडसडीत बाई शटरला हात लावायला पुढे आली. काकूंना वाटलं, किती गुणाची. ती पोलिसांतली निघाली. दहशतवाद्यांकडे पैसा कुठून कसा जातो, त्याच्या मागावर असलेल्या खात्यातली अधिकारी. तिने मालकांना बाहेर बसवलं, काकूंना आत, आणि पाणी पिण्यापुरता वेळ देऊन शांतपणे सांगायला लागली.

स्फोट करायला पोती भरून पैसा लागत नाही, असं मॅडम म्हणाल्या. एक भाड्याची खोली, चार फोन, बसची तिकिटं आणि कुणाचं तरी दोन वेळचं जेवण. मोठी रक्कम कुणाच्याही डोळ्यांवर येते. थोडीथोडी, औषधपाण्याच्या नावाखाली गेली, तर ती तुमच्याआमच्या पैशांत मिसळून जाते. भिंगरीची आत्या हा दाढीमिशा सफाचट केलेला एक तरुण होता. बॉम्ब ज्या खोलीत बनला, तिचं भाडं या खिडकीतून गेलं होतं.

“आम्ही वाईट माणसांची नावं शोधत बसतो, बाई,” मॅडम म्हणाल्या. “म्हणून ते चांगल्या माणसांची वापरतात.”

काकूंच्या कानांत काही शिरत नव्हतं. मॅडमनी मग अगदी सरळ सांगितलं. पाठवणाऱ्याच्या जागी तुमचं नाव आहे आणि तुमच्या नवऱ्याचं आहे. तुम्हाला सगळं माहीत होतं, किंवा तुम्ही फसलात. मशीनमध्ये दोन्ही सारखंच दिसतं. आता तो माणूस कोण, हे तुम्ही किती सांगता यावर ठरेल, की तुम्ही साक्षीदार आहात की आरोपी.

काकू बोलायला लागल्या. सगळं सांगितलं. पाय, ऑपरेशनं, पाल, गणित, परवा पडलेला दात. मॅडमचं पेन थोडा वेळ चाललं आणि थांबलं.

“हे मुलीचं झालं. त्याचं सांगा.”

तो राहतो कुठे? काकूंना माहीत नव्हतं. काम कोणाकडे करतो? माहीत नव्हतं. खरं नाव? सगळे पेंटर म्हणायचे; सगळे म्हणजे तरी कोण, तर काकूच. त्याच्या कपड्यांवर कधी रंगाचा ठिपका पाहिला होता का, असं मॅडमनी विचारलं. नोटा सरकवणारी ती स्वच्छ नखं त्यांनी कितीदा पाहिली होती, आणि दर वेळी मनात म्हणाल्या होत्या, घरात बाईमाणूस नसूनही किती टापटीप माणूस.

“त्याचं लग्नच झालेलं नाही,” मॅडम म्हणाल्या. “मुलगी नाही.”

“मग पायाचं?” काकूंनी विचारलं.

मॅडमनी फक्त पाण्याचा ग्लास थोडा पुढे सरकवला.

त्याच दिवशी नवऱ्याला डेपोतून बोलावून नेलं. इंजिनाखालून बाहेर काढलं, सगळ्यांच्या देखत, हात पुसायलाही न देता. संध्याकाळी तो घरी आला आणि मोरीत बराच वेळ हात घासत बसला. काकू उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. तो चिडला असता, ताट आपटलं असतं, तर त्यांना हायसं वाटलं असतं. एरवी हा माणूस कंडक्टरकडून चुकून जास्त सुट्टे आले तर परत द्यायला जाणारा.

“माझं नाव घालायच्या आधी मला विचारायचं होतंस,” तो म्हणाला.

“तुम्ही हो म्हणाला असता.”

“हो म्हणालो असतो. म्हणूनच विचारायचं होतंस, अगं.”

जेवताना त्याने नेहमीसारखं मीठ मागितलं आणि काकूंना वाटलं, दुसरं काहीतरी मागायला हवं होतं.

पेंटर सापडला तो समोरच्या दुकानामुळे. मॅडमनी आजूबाजूच्या सगळ्या दुकानांत त्याचं वर्णन देऊन ठेवलं होतं. काकूंची खिडकी बंद दिसल्यावर तो पंखा लावलेल्या दुकानात गेला आणि तिथल्या माणसाने कार्ड मागितलं. तिथला माणूस कधी कुणाची चौकशी करायचा नाही. फक्त कार्ड मागायचा. आत कुणाला तरी विचारून येतो, असं पेंटरला सांगून तो गेला आणि मॅडमना फोन केला.

ओळख पटवायला काकूंना नेलं. भिंतीशी उभ्या माणसांत त्यांनी त्याला बोटाने दाखवला. येताना वाटेत त्यांनी ठेवणीतल्या शिव्या गोळा केल्या होत्या; आईकडून आलेल्या, नळावर शिकलेल्या, सासूच्या राज्यात मनातल्या मनात घासूनपुसून ठेवलेल्या. मॅडमना विचारून त्या त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि एकही शिवी बाहेर आली नाही.

“कुठून आणलीत तिला?” त्यांनी विचारलं.

त्याने वर पाहिलं. तोच सावकाश, लाजरा चेहरा. तोही खोटा असेल, असं त्यांना वाटत होतं. पण चेहरा खरा होता, हेच अवघड होतं.

“मी कुठे आणली, काकू? पहिल्या दिवशी मी काहीच बोललो नव्हतो. तुम्हीच विचारलंत, लेकीसाठी का? मी हो म्हणालो.”

“आणि पाय?”

“तुम्ही औषधोपचारावर बोट ठेवलंत. मग म्हणालात, काय झालंय तिला. काहीतरी सांगावं लागलं. नाव पण तुम्हीच ठेवलंत.”

बाहेर आल्यावर काकू पायऱ्यांवर बसल्या. रडू येत होतं आणि कुणासाठी, हे कळत नव्हतं. जी कधी नव्हतीच, तिच्या दातासाठी रडायचं? त्या दाताच्या, तापाच्या, पालीच्या गोष्टी ऐकल्या, पण ज्या बाकड्यांपाशी स्फोट झाला, तिथे बसलेल्यांपैकी एकाचंही नाव त्यांनी कधी विचारलं नव्हतं. एवढ्या चौकशा करणारी बाई, आणि तेवढंच राहिलं होतं. मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी ते विचारलं. मॅडमनी एकेक नाव सांगितलं. काकूंनी एकाही नावाबद्दल पुढे काही विचारलं नाही.

त्या साक्षीदार ठरल्या. मालकांनी दटावून का होईना, ठेवून घेतलं. गिऱ्हाईक त्यांच्यामुळेच येतं, हे त्यांनाही कळत होतं. खिडकीवर नवीन पाटी लागली, कार्डाशिवाय पैसे पाठवले जाणार नाहीत. काकू आता नाव, नंबर, कारण एवढंच करायच्या. रांग भराभर सरकायची. कुणी आपणहून घरचं सांगायला लागलं तर त्या मशीनकडे बघत राहायच्या आणि माणूस थोड्या वेळाने आपोआप गप्प व्हायचा.

एक दिवस कामाच्या कपड्यांतला एक माणूस आला. खिसे चाचपले, पिशवी उलटी केली. कार्ड खोलीवर राहिलं होतं, आणि खोली शहराच्या दुसऱ्या टोकाला. दुकान बंद व्हायला आलेलं.

“ताई, मुलगा आहे माझा, त्याला...”

“सांगू नका,” काकू म्हणाल्या.

“नाही, म्हणजे त्याला काल रात्रीपासून...”

“मला सांगू नका. उद्या कार्ड घेऊन या.”

त्याने फोन काढला, त्यातला फोटो शोधला आणि काचेला टेकवून धरला, अगदी त्यांच्या डोळ्यांसमोर येईल असा. काकूंनी मान खाली घातली. टेबलावर बघण्यासारखं काही नव्हतं, तरी त्या तिथेच बघत राहिल्या. बऱ्याच वेळाने काचेवरचा उजेड हलला. काचेवर त्याच्या हाताचा ओला ठसा उमटलेला होता, तो हळूहळू कडांकडून आत वाळत चालला होता.

“पुढचे,” काकू म्हणाल्या. रांगेत कुणीच उरलं नव्हतं.