छोटी बाटली

औषधांच्या दुकानातल्या बाईंनी बाटलीचं झाकण उघडलं, सूनबाईच्या मनगटावर दोन थेंब टाकले आणि म्हणाल्या, "चोळा, ताई. जरा थांबून बघू. आग झाली किंवा लाल पडलं, तर दुसरं देते."

सूनबाईने मनगट चोळलं, नाकाशी नेलं आणि सासऱ्यांपुढे धरलं. घड्याळजींनी वाकून वास घेतला. नाकात जाऊन बसणारा, उग्र वास होता.

"बरा आहे," ते म्हणाले. त्या क्षणी कशाचाही वास पुढे केला असता, तरी ते हेच म्हणाले असते.

सकाळी फोन आला तेव्हा घरात त्यांच्याजवळ कोणी नव्हतं. बायको कपडे वाळत घालत होती, सूनबाई न्हाणीघरात होती. मुलाच्या साइटवरचे साहेब बोलत होते. मुलगा मोजणीदार. दूर, उष्ण जंगलाच्या मुलखात रस्त्याची आखणी चालली होती, तिथे गेला होता. मलेरिया मेंदूत शिरला आणि आठवडाभर तो बेशुद्ध पडून होता. सासरे-सुनेची तिकिटं उद्याची होती. साहेब आधी हवापाण्याचं काहीतरी बोलले, मग थांबले, मग म्हणाले, "पहाटे गेला हो."

घड्याळजी फोन ठेवून तसेच बसून राहिले. सूनबाई केस पुसत बाहेर आली, तेव्हा आता सांगायचं असं ठरवून त्यांनी तोंड उघडलं, आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"डासांचं औषध राहिलंय आपलं घ्यायचं."

ती क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चला, मी पण येते."

तसं ते खोटंही नव्हतं. मुलाला आणायला जायचं तर होतंच, आणि तिथले डास कोण कशासाठी आलंय ते विचारून चावत नव्हते. वाटेत सांगू, असं त्यांनी मनाशी म्हटलं. वाट संपली. दुकानात गर्दी नसेल तर तिथे बसवून सांगू, असं म्हटलं. दुकानात गर्दी नव्हती. बाई मात्र भारी उत्साही निघाल्या. कोणीतरी विचारून, समजून घेऊन औषध नेतंय याचाच त्यांना आनंद झाला होता.

"नुसत्या सुगंधी तेलांच्या नादी लागू नका," त्या सांगत होत्या. "तासाभरात उडून जातं ते, आणि आपण बसतो निर्धास्त. हे घ्या, बराच वेळ टिकतं. उघड्या अंगावर लावायचं, कपड्यांच्या आतून नाही. उन्हाचं क्रीम लावणार असाल तर आधी ते, वरून हे. मलेरियाचा डास दिवस मावळला की निघतो, तो पहाटेपर्यंत. तेव्हा विसरायचं नाही. आणि मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घेतल्यात ना? नुसत्या बाटलीवर भिस्त नको."

"घेतल्यात," सूनबाई म्हणाली.

"फक्त एक, काका. प्लॅस्टिकला लागू देऊ नका. चष्मा, घड्याळाची काच, खराब होते."

घड्याळजींनी मान हलवली. उभा जन्म लोकांच्या घड्याळांच्या काचा बदलण्यात गेला होता. एरवी त्यांनी यावर दोन शब्द ऐकवल्याशिवाय बाईंना सोडलं नसतं. आज त्यांनी काउंटरच्या कडेवर हात टेकला आणि तो तिथेच राहू दिला.

"त्याच्याकडे हेच होतं," सूनबाई बाटली फिरवत म्हणाली. "मीच भरून दिलं होतं. चिकट लागतं म्हणून लावायचा नाही."

"लहानपणी तेलसुद्धा लावू द्यायचा नाही," घड्याळजी म्हणाले. "मागे धावावं लागायचं."

बोलून झाल्यावर त्यांनी तोंड फिरवलं. त्यांनी खोकल्याचं निमित्त केलं. बाईंनी पटकन पाण्याचा ग्लास पुढे केला.

"मनगट दाखवा, ताई. छान, काही झालेलं नाही. मग हेच देऊ? किती दिवसांसाठी जाताय?"

घड्याळजींनी पाण्याचा घोट घेतला. "पंधरा-वीस दिवस तरी," ते म्हणाले. "पेशंट आहे तिथे आमचा. त्याला उभं करून, घेऊनच यायचं."

"मग मोठी बाटली घ्या. दोन घ्या."

"छोटी द्या," सूनबाई म्हणाली. "दोन दिवस पुरली की झालं."

बाईंना वाटलं, किंमत जास्त वाटली असावी. त्या छोटी बाटली पिशवीत घालू लागल्या. घड्याळजी सुनेकडे बघत होते. ती मनगटावरचं ते औषध ओढणीने पुसत होती, पुसून झालं तरी पुसत होती.

बाहेर रस्ता ओलांडला की बसथांबा होता. दोघं तिथे बाकावर बसले. एक बस आली, थांबली, निघून गेली.

"तुला कधी कळलं?"

"साहेबांनी आधी मलाच केला होता फोन. तुम्ही उठायच्या आधी." तिचा आवाज सपाट होता. "मी म्हटलं, बाबांना तुम्हीच सांगा. माझ्याच्याने व्हायचं नाही. मग नळ सोडून न्हाणीघरात बसले."

"आणि तरी माझ्याबरोबर आलीस? हे सगळं ऐकत उभी राहिलीस?"

"तुम्ही म्हणालात, औषध घ्यायचंय. मला वाटलं, वाटेत सांगाल."

"मलाही तसंच वाटलं होतं," घड्याळजी म्हणाले.

तिने डोकं खांबाला टेकलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. घड्याळजींनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"आईंना?" शेवटी तिने विचारलं.

"मी सांगतो. गेल्या गेल्या सांगतो. ते काम माझं."

घरी बायको पलंगावर बॅग उघडून बसली होती. दोघांचे कपडे भरून झाले होते, आणि आता ती मुलाचे दोन जुने, मऊ झालेले सदरे कोपऱ्यात बसवत होती. तिने मान वर केली, यांच्या हातातली पिशवी घेतली आणि बाटली बाहेर काढली.

"एवढीशीच?" ती म्हणाली. "तिघांना कशी पुरायची?"

घड्याळजी तिच्या शेजारी बसले. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, घसा साफ केला. सूनबाई दारात चपला न काढता उभी होती.

"दुकानात एवढीच उरली होती," ते म्हणाले.

बायकोने बाटली उजेडात धरून हलवून पाहिली.

"मग तुम्ही दोघं बेताबेताने वापरा," ती म्हणाली, आणि दोन सदऱ्यांच्या मधे बाटली नीट गुंडाळून ठेवली. "आधी त्याला लावत जा."