सातवा रकाना

निवृत्त झाल्यावर रघुनाथसरांच्या मागे मधुमेह लागला आणि सर समाजाच्या मागे लागले. सिल्वासात येऊन बत्तीस वर्षं झाली तरी रत्नागिरीचा हेल सुटला नाही आणि मास्तरकीही सुटली नाही. दर रविवारी सकाळी सात वाजता, शाळेमागच्या मैदानात, लहानमोठ्यांना सायकल शिकवायची. सुरक्षित. हा शब्द फलकावर लाल रंगात होता.

मी शैलजा. कचेरीत हजेरीपट सांभाळण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, म्हणून वर्गाची वही आपोआप माझ्याकडे आली. प्रत्येक नावापुढे सात रकाने सरांनीच आखले होते: चढणं-उतरणं, तोल, ब्रेक, घंटी, डावी बाजू, हात दाखवणं आणि मागे पाहणं. सातही भरले की प्रमाणपत्र.

वहीच्या शेवटच्या पानावर माझ्या खाजगी नोंदी असत. कोण नवऱ्याला सांगून येतं, कोण दळणाला जाते म्हणून येतं. कोण पडल्यावर आधी गुडघा बघतं आणि कोण आधी आजूबाजूला बघतं. पोरं दोन रविवारांत शिकून पळाली. राहिल्या त्यांच्या आया. धुळे-नंदुरबारकडच्या, कंपन्यांमध्ये कामाला असणाऱ्या नऊ जणी.

त्यातली दुर्गा. तिच्यापुढे मी लिहिलं होतं: पडली अकरा वेळा, हसली नऊ वेळा. उरलेल्या दोन वेळा ती का हसली नाही, तेही मला माहीत होतं. मसाटला धाग्याच्या कंपनीत ती पॅकिंगला होती. कंपनीची बस त्यांच्या चाळीपर्यंत येणं बंद होणार होतं. सुपरवायझरने सांगून टाकलं होतं, एक ऑगस्टपासून सातच्या पाळीला जी आपली आपण पोचेल, तीच लाइनवर राहील. सातच्या आत रिक्षा मिळत नाही. नवरा नवनाथ रात्रपाळीला, त्याची फटफटी त्याच्याबरोबर. म्हणजे सायकल आली तर नोकरी, नाहीतर घरी.

"ताई, ऑगस्टपर्यंत येईल ना मला?" ती दर रविवारी विचारायची.

"रकाने भरतायत तुझे," मी म्हणायची. खोटं नव्हतं ते. तेव्हा.

आता मैदानाबद्दल. मैदानाच्या मधोमध देवीचा ओटा आहे. शेंदूर लावलेला दगड, वर पत्र्याचं छत. सायकली फिरायच्या त्या ओट्याभोवती. पहिल्या रविवारी बायडाबाई चढली, देवी उजव्या हाताला ठेवून निघाली, आणि बाकीच्या तिच्या मागे. प्रदक्षिणेला काय कोणी दिशा शिकवावी लागते? तिसऱ्या रविवारी सर म्हणाले, "आता उलट्या दिशेने फिरा."

बायडाबाई खालीच उतरली. "देवीले उलटं फिरू? मी नै फिरनार वो सर. तुम्ही फिरा आधी."

सर नास्तिक असल्याचं गणपतीत सांगत असतात. त्या दिवशी त्यांनी देवीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "ठीक आहे, एकाच दिशेने बरं. धडक व्हायची नाही."

झाली नाहीच धडक. चौदा रविवार सगळ्या एकामागून एक, उजवीकडे वळत राहिल्या. हँडल उजवीकडे, मान समोर. मागे पाहिलं की तोल जायचा, म्हणून सरांनी ते शेवटासाठी ठेवलं. शेवटी एकदा त्यांनी शिट्टी मारून सांगितलं, "वळण्याआधी मागे पाहा!" तेव्हा बायडाबाई ओरडली, "मागे कोन येतंय सर? प्रमिलाच येतेय!" सगळ्या हसल्या. सरही हसले. मीही. मागे पाहणं तिथेच संपलं.

मी एकदा सुचवलं होतं, बाजूच्या गल्लीत घेऊन जाऊ, तिथे निदान गाड्या येतात मागून. सर म्हणाले, "शैलजाताई, गल्लीत फोटो नीट येत नाहीत."

आणि फोटो लागणार होते. दोन ऑगस्टला, दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिदिनाच्या दिवशी, वॉर्डातल्या कार्यक्रमात सरांचा सत्कार ठरला होता, नऊ जणींना प्रमाणपत्रं. तीस जुलैला संध्याकाळी सरांचा फोन आला. "वही पूर्ण आहे ना?"

"सातवा रकाना रिकामा आहे सर. नऊही जणींचा."

"अहो, ते रस्त्यावर आपोआप येतं. भरून टाका."

मी जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि नऊ खुणा केल्या. कचेरीत आयुष्यभर हेच केलं होतं. न आलेल्यांना आलेलं दाखवलं होतं, आणि त्याने कधी कोणाचं हाड मोडलं नव्हतं.

कार्यक्रमात दुर्गाने मंचासमोर एक फेरी मारली. उजवीकडे वळत, सुरेख. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, सरांना शाल मिळाली. तिची मुलगी गुड्डी आईचं प्रमाणपत्र दोन्ही हातांनी धरून बसली होती. दुर्गा माझ्या कानाशी म्हणाली, "काल पोचले ताई, सातला दहा कमी होते. सुपरवायझर बघतच राहिला."

असे सोळा दिवस ती पोचली.

सतराव्या दिवशी मसाटला कंपनीच्या गेटसमोर ती उजवीकडे वळली. गेट उजवीकडेच आहे. रोज त्या वेळी रस्ता मोकळा असायचा. त्या दिवशी मागून टेम्पो येत होता. टेम्पोवाल्याने ब्रेक दाबला, शिवी दिली आणि तरीही आरसा तिला लागला. उजवा हात दोन ठिकाणी मोडला. पॅकिंग दोन हातांनी करतात. आठवड्याच्या आत तिच्या जागी दुसरी उभी राहिली.

नवनाथ सरांच्या दारात आला होता म्हणे. भांडायला नव्हे, विचारायला. सरांनी माझ्याकडून वही मागवली, दुर्गाच्या पानाचा फोटो काढला आणि त्याच्या मोबाइलवर पाठवला. "हे बघ, सातही रकाने. आम्ही शिकवलं होतं. पुढे ज्याची त्याची जबाबदारी."

वही परत आली ती कव्हर घालून. नीटनेटकी.

रविवारी वर्ग सुटल्यावर मी दुर्गाकडे गेले. खोलीत ती एकटी होती. डाव्या हाताने स्टोव्ह पेटवायला गेली, मी नको म्हटलं, तिने ऐकलं नाही. चहा माझ्यापुढे ठेवला आणि समोर फरशीवर बसली.

"ताई, रागावू नका. तुमचं नाव खराब केलं मी."

"असं काय बोलतेस?"

"नवनाथने दाखवलं मला मोबाइलवर. मला वाचता येत नाही, त्याने बोट ठेवून दाखवलं. मागे पाहणं, शिकवलं. खूण तुमचीच आहे, तुमची खूण मी ओळखते. तो म्हणतो, सरांनी एवढं शिकवलं, तरी तू मागे बघितलं नाही. घरात सगळे तेच म्हणतात."

मी चहाचा घोट घेतला.

"एक विचारू ताई? खरं सांगा." तिने आवाज खाली आणला. दाराबाहेर कोणी नव्हतं. "बाकीचं सगळं आठवतं मला. घंटी कधी शिकवली, ब्रेक कधी, बायडाबाई काय बोलली. पण मागे पाहायचं केव्हा शिकवलं, तेच आठवत नाही. रात्र रात्र आठवून बघते." तिने धड असलेला हात कपाळाला लावला. "पडले तेव्हा डोक्याला पण लागलं असेल का हो? डॉक्टरने नुसता हात बघितला."

ती माझ्याकडे बघत राहिली. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तेवढ्या वेळात मी चहा संपवला.

"असू शकतं," मी म्हटलं. "दाखवून घे एकदा."