जानेफळच्या पत्रिकेतला लाल

"आमच्या पत्रिकेवरचं कुंकू असं काळं काऊन पडलं, भाऊ?" – अकरा वर्षांपूर्वीचा धाडच्या मनकर्णाबाईचा आवाज, आणि आता समोर शाईच्या दगडावर उघडी पडलेली ही पुडी, चिमूटभर कुंकवाची... निवृत्तीने ती उजेडाकडे सरकवली. मोकळ्या कपाळाच्या कौशल्याबाईंनी जानेफळहून ती आणून दिली होती. लेकीच्या लग्नपत्रिकेवरचा गणपती अस्सा लाल पाहिजे, म्हणाल्या होत्या. लोक रंगासाठी दोऱ्याचा तुकडा आणतात, लुगड्याचा काठ आणतात. ही बाई तीन वर्षं न उघडलेला आपला करंडा उघडून आली होती.

चार दिवसांपूर्वी त्याने नमुना काढून दाखवला, तो लढाईच्या आधीच्या गुळगुळीत कागदाच्या उरल्यासुरल्या तुकड्यावर. बाईंनी तो कपाळाला लावला. पण पत्रिका छापायच्या होत्या या खरबरीत कागदावर – दुसरा मिळतोच कुठे – आणि हा कागद शाई पितो, वैशाखातलं वावर पाणी पितं तसा. काल संध्याकाळी त्याने एक पत्रिका याच कागदावर काढून पाहिली होती. ओली होती तोवर कुंकू. सकाळी वाळली, तर वीट. ती आता त्याच्या खिशात होती, आणि खिसा जड झाल्यासारखा वाटत होता.

"ओलीच दाखव बे," छापखान्याचे मालक महादेवराव म्हणाले. "वाळेल तवा बाई गावाले पोचली राहीन."

"दोनदा शाई मारली तं?"

"दोनदा! अन् पंजाबरावाचे सातशे हँडबिलं कोण काढीन, तुहा आजा?"

निवृत्ती हसला. हसू आपोआप येतं, नोकरीतलं. धाडच्या वेळी शाई हलकी होती, वाळून काळी पडणारी; तरी असंच हसून ओली पत्रिका दिली होती... महिन्याभरात तिच्या लेकीचा नवरदेव पटकीने गेला, आणि मनकर्णाबाई ती वाळलेली पत्रिका घेऊन इथंच, या उंबऱ्यावर उभी राहिली. रडली नाही. नुसतं विचारलं. हवा दमट होती बाई, मी म्हणालो. हवा कोरडी ठणठणीत होती. शाईनं माणूस मरत नाही, मला काय कळत नाही? – पण ती बाई, काय चुकलं माझं, असं स्वतःलाच विचारत धाडपर्यंत गेली असेल, आणि त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं...

बाहेर कौशल्याबाई बाकावर बसून गुणगुणत होत्या –

पहिली गं पत्रिका, ठेवा मारुतीच्या पारी
दुसरी मामाघरी, मग गाव दारोदारी

त्याने पायाने मशीन चालवली. रूळ फिरला, मशीनचा जबडा मिटला, उघडला. गणपती ओला, झगझगीत. त्याने पत्रिका दोन बोटांत कडेने धरून बाईंच्या पुढे केली.

"अगाई! कुंकूच!" बाईंनी ती दारातल्या उन्हात नेली. "भाऊ, हळद म्हना, अक्षता म्हना, मले कुठंच पुढं होता येत नाही. मांडवात मांगंच बसन मी. पत्रिका तेवढी माह्या हातची. पोरीची सासू तं म्हन्ते, बिनबापाची पोरगी, काय जमते यायच्यानं! हे पाह्यलं का गप होईन."

"होईन ना," महादेवराव टेबलामागून म्हणाले. "निवृत्तीचा हात म्हंजे काय! घ्या, एवढी पसंतीची सही करून टाका बाई."

बाई पेनाकडे वळल्या. सही येत नसावी. त्यांनी अंगठा पुढे केला. निवृत्तीला तो अंगठा दिसला – शेणानं, राखेनं चिरलेला, शाईच्या गादीकडे निघालेला – आणि एवढासा वेळ, रूळ एकदा फिरून येतो तेवढाच, त्याला वाटलं, अजूनही गप्प राहता येईल. नेहमीसारखं. लग्नाला दहा दिवस, मालकाची नजर आपल्यावर, उद्याची भाकर याच दारातून... भीती गेली नाही. फक्त इतकी वर्षं छातीत दबा धरून बसलेली ती आता जिभेवर आली होती, शाईसारखी कडू.

"थांबा बाई. अंगठा लावू नका."

महादेवराव खाकरले. त्याने खिशात हात घातला.

"वाळल्यावर हे असं राहत नाही. विटकरी होते. मले सकाळीच माहीत झालं होतं... अन् तरी मी तुमाले ओली दाखवून राह्यलो होतो."