भावाने बसवलेली टाकी

मी एक म्हातारं इंजिन बोलतोय. लॉन्ड्रीच्या व्हॅनमध्ये, ड्रायव्हरच्या सीटखाली माझा मुक्काम. इतकी वर्षं मुकाट्याने राबलो, पण आता गप्प बसवत नाही.

सारं आयुष्य पेट्रोलवर काढलं. पीत होतो जरा जास्तच. पंपावर मालक माझ्याकडे असा बघायचा, जणू मी फुकट खाणारा घरजावई. शेवटी मालकीणबाईंच्या धाकट्या भावाने मनावर घेतलं. तो गाड्यांची कामं करतो. हात चलाख, तोंड त्याहून चलाख.

"दाजी, चिंता सोडा. गॅसवर करून देतो."

भंगारातल्या एका गाडीची टाकी त्याने मागे कपड्यांच्या कप्प्याखाली बसवली आणि माझ्यापर्यंत नळी ओढली. जाताना सांगून गेला, "टाकीचा कॉक उघडाच राहू द्या. रोज फिरवला की झिजतो."

गॅस कोरडा लागतो, तरी जुळवून घेतलं. पण टाकीतून निघतो तेवढा गॅस माझ्यापर्यंत पोहोचेना. मागच्या जोडातून तो थोडा थोडा सुटतो आणि जड असल्यामुळे खाली साचत राहतो. मी खोकलो, अडखळलो, चढावर बंद पडलो. भावाने काय करावं? गॅस आणखी वाढवून दिला! म्हणे, "म्हाताऱ्याला भूक लागलीय."

मालकाला वास आला होता. त्याने बोलूनही पाहिलं.

"अगं, गाडीत गॅसचा वास येतोय."

"माझ्या भावानं काही केलं की तुम्हाला वासच येतो! तुमच्या भावानं घातलेलं छप्पर गळतं, तेव्हा मी बोलते का काही?"

मालकाने विषय सोडला. तेव्हापासून तो खिडक्या उघड्या टाकून गाडी चालवतो आणि घरात शांतता नांदते. मला त्या शांततेची धास्ती वाटते.

आज बाहेर धूळ उडतेय. धुतलेले कपडे खराब होतील म्हणून मालकाने मला थेट दुकानात, इस्त्रीच्या टेबलाशेजारी आणून उभं केलं. खिडक्या, शटर, सगळं लावून तो जेवायला गेला. कॉक उघडाच. मागे जोड फुसफुसतोय, आणि मला साधं खोकताही येत नाही, कारण मी बंद आहे.

आत्ताच मालकीणबाई मागच्या दाराने आत आल्या. धूळ नको म्हणून त्यांनीही दार लावून घेतलं. मग थबकल्या, हात नाकाशी गेला. त्यांना वास आलाय, अगदी स्वच्छ आलाय! माझ्या दिशेने दोन पावलं टाकून त्या थांबल्या.

"आता वास आला म्हटलं, तर हे जन्मभर ऐकवतील," त्या पुटपुटल्या आणि इस्त्रीकडे वळल्या.

बाई, एकदा हरा की हो भांडण! शटर वर करा, नवऱ्याला हाक मारा, भावाला वाट्टेल ते बोला. मला उद्या भंगारात घातलंत तरी चालेल. फक्त त्या इस्त्रीच्या बटणाला हात लावू नका.