चादरीचं दुसरं टोक

बाईची कंबर धरली की मगच घरादाराला आठवतं, हिला कंबरही आहे म्हणून. थोरलीचं तसंच झालं. लग्न करून या घरात आली तेव्हापासून ती धुलाईच्या कामात उभी. खाली तळघरात दोन मोठी यंत्रं, वर गच्चीवर दोऱ्या, आणि मधे उभाच्या उभा अरुंद जिना. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी यायच्या, धुऊन पिळून वर जायच्या, वाळल्या की घड्या होऊन खाली यायच्या. कोरडी चादर लेकरासारखी खांद्यावर पडून राहते. ओली झाली की रुसलेल्या सासऱ्यासारखी, हलता हलत नाही.

एका दुपारी अशाच ओल्या चादरींची टोपली उचलताना थोरलीच्या कमरेत कट्कन वाजलं आणि ती जिन्यातच बसली. नवरा म्हणाला, "जरा हळू उचलायची ना." बायको मोडून पडल्यावर शहाणपण सांगणारा नवरा घरोघरी असतो, त्याला औषध नाही. धावत आली ती धाकटी, दिराची बायको. थोरलीपेक्षा दहाएक वर्षांनी लहान, अंगानं काटकुळी, पण कामाला वाघीण. तिनं थोरलीला काखेत हात घालून उठवलं आणि म्हणाली, "ताई, आजपासून टोपल्यांना हात लावायचा नाही. खालचं तुम्ही बघा, वरचं माझं."

"तुला एकटीला झेपेल का?"

"न झेपायला काय झालं? तुम्ही आधी सरळ व्हा."

डॉक्टरनं गोळ्या दिल्या, शेक घ्यायला सांगितला, आणि निघताना म्हणाला, "दुखणं ओसरलं की वजनं उचलायला लागा. या वयात ताकद कमवावी लागते, आपोआप राहत नाही."

"वजनं? अहो, जन्म गेला माझा वजनं उचलण्यात!"

"ते ओझं होतं," डॉक्टर म्हणाला. "शिकून उचला आता."

शिकायचं कुठं, हे थोरलीला पक्कं ठाऊक होतं आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. गल्लीच्या टोकाला, रंगाच्या दुकानावरच्या माळ्यावर, एका मुलीनं बायकांसाठी व्यायामाचा वर्ग काढला होता. त्याची सगळ्यात जास्त टिंगल केली होती थोरलीनंच. भर रस्त्यात उभी राहून म्हणाली होती, "पैसे मोजून वजनं उचलतात मेल्या! माझ्याकडे या म्हणावं, टोपल्या फुकट उचलायला देते." गल्ली हसली होती. धाकटी तर पोट धरून हसली होती. आता त्याच माळ्याचा जिना कोणत्या तोंडानं चढायचा? म्हणून घरी सांगितलं, "दवाखान्यात शेकायला जाते," आणि रंगाच्या दुकानामागच्या दारानं ती वर गेली.

मास्तरीण वयानं तिच्या लेकीएवढी. आवाज मात्र असा, की गिरणीचा भोंगा लाजावा.

"काकू, कमरेतून नाही, मांड्यांतून उठायचं. बूड मागं, छाती वर."

"बूड काय म्हणतेस गं? लाज नाही वाटत?"

"लाज चपलांपाशी काढून ठेवायची, काकू. जाताना आठवणीनं घेऊन जा."

थोरली हसली आणि हसता हसता नुसती लोखंडी दांडी घेऊन उठली. मग दांडीला वजनाची छोटी चाकं लागली, मग मोठी. सतरंजीवर पाय पसरून बोटांनी पायांचे अंगठे धरायचे असत. पहिल्यांदा तिचे हात गुडघ्यांशीच अडले. "पोट मधे येतंय," ती म्हणाली. "पोटाला येऊ द्या, तुम्ही श्वास सोडा," मास्तरीण म्हणाली. श्वास सोडता सोडता गुडघे मागं पडले, पोटऱ्या मागं पडल्या, आणि एका दुपारी तिच्या बोटांना तिचेच अंगठे लागले. लहानपणी हरवलेलं काही फळीमागं सापडावं तसं वाटलं तिला. इतकी वर्षं हे अंग म्हणजे घरातलं तिसरं यंत्र होतं. बिघडलं की तेवढं लक्ष जायचं. ते आपलं आहे, त्याला ताणावं, वाकवावं, त्याच्याकडून मोठ्ठं वजन उचलून घ्यावं आणि वर आपणच खूश व्हावं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

कंबर बरी झाली. पार बरी झाली. तेव्हाच बोलायला हवं होतं.

पण बोलली असती तर टोपली हातात आली असती आणि दुपार हातातून गेली असती. कंबर बरी झालेल्या बाईला शेकायला कोण सोडतं? आज सांगू, उद्या सांगू, हा महिना जाऊ दे, असं करता करता वाढलेल्या केसांसारखं खोटं वाढत गेलं. माळ्यावर लोखंड उचलणारी बाई घराच्या दारात पोचली की कमरेवर हात ठेवायची आणि बारीक कण्हायची. नवरा पाठीला उशी द्यायचा. धाकटी गरम पाण्याची पिशवी आणून द्यायची. ती पिशवी पाठीला लावून बसताना थोरलीचा चेहरा तापायचा, पाठ नव्हे. चोरी पकडली जाण्याची भीती वेगळी असते. चोरी करून वर पाहुणचार घेणं याला नाव नाही.

ती जितकी बळकट होत गेली तितकी धाकटी वाकत गेली. हे तिला दिसत होतं. न दिसायला ती आंधळी नव्हती. धाकटीनं उजव्या कोपराला फडकं बांधायला सुरुवात केली. कप डाव्या हातानं धरायला लागली. एकदा भाकऱ्या थापता थापता थांबली आणि हात नुसता झटकत राहिली.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही, मुंग्या येतात." मग हसून म्हणाली, "तुम्ही जाता तिथं मलाही न्या की एखाद दिवशी शेकायला."

थोरलीच्या तोंडून पटकन गेलं, "तिथं फार गर्दी असते."

धाकटी "बरं" म्हणाली आणि पुन्हा भाकरी थापायला लागली. थोरलीला वाटलं, आत्ता हिचे पाय धरावेत. पण पाय धरायला वाकलं असतं तर कळलं असतं की कंबर वाकते. तिनं नुसतं पीठ पुढं सरकवलं. माणूस एका खोट्यापायी किती ठिकाणी ताठ राहतो!

दिवसातलं एक काम मात्र दोघी अजून मिळून करायच्या. ऊन उतरलं की गच्चीवर घड्या घालायच्या. थोरली कण्हत कण्हत जिना चढायची, कारण घडीला जोर लागत नाही असं सगळ्यांचं मत होतं. ज्यांनी मोठ्या चादरीची घडी कधी घातली नाही त्यांचंच असतं तसं मत. दोघींनी दोन टोकं धरायची, एक झटका द्यायचा, मग आपापल्याकडं ओढून सुरकुती मोडायची, मग एकमेकींकडं चालत यायचं आणि कोपरे हातात द्यायचे. पुन्हा मागं, पुन्हा ओढ. इतक्या वर्षांत बोलावं लागत नसे. एकदा असंच ओढताना धाकटी अर्धं पाऊल पुढं आली, थबकली आणि थोरलीकडं बघत राहिली.

"वारा आहे आज," थोरली म्हणाली.

"हो ना," धाकटी म्हणाली. दोरीवरची एकही चादर हलत नव्हती.

मग तो दिवस आला. एका हॉटेलनं सगळ्या खोल्यांच्या जाडजूड रजयांच्या खोळी एकदम पाठवल्या. यंत्रातून निघाल्या त्या दगडासारख्या. थोरली खाली कपडे वेगळे करत होती. वरून धाकटीचा आवाज आला. ओरडली नाही ती, नुसतं "ताई गं" म्हणाली. थोरली जिन्याशी आली. धाकटी जिन्याच्या मध्यावर, भिंतीला टेकलेली, टोपली गुडघ्यावर कशीबशी अडवलेली, आणि उजवा हात पोटाशी धरलेला, जणू कुणा दुसऱ्याचा हात सांभाळतेय. टोपली सुटली असती तर तिच्यासकट खाली आली असती.

थोरलीनं विचार केला नाही. विचार केला असता तर कदाचित कण्हली असती. दोन दोन पायऱ्या चढून ती वर गेली, पाय रोवले, बूड मागं, छाती वर, आणि टोपली उचलली. तशीच वर नेली. गच्चीवर ठेवली. परत आली. दम लागला नव्हता. धाकटी पायरीवर बसली होती आणि तिच्याकडं बघत होती.

"हात बघू," थोरली म्हणाली.

"बघा."

कोपर सुजून टम्म झालेलं. थोरलीनं फडकं सोडलं आणि तिला एवढंच सुचलं, "माझी कंबर बरी झालीय गं."

"माहीत आहे."

"आत्ता कळलं ना?"

"नाही. कधीचंच." धाकटीचा आवाज चढला नाही, हेच वाईट. "चादरीवरून कळलं. आधी तुम्ही ओढायचात तर तुमचं टोक ढिलं यायचं. मग एक दिवस मीच पुढं ओढली गेले. दुखऱ्या कमरेची बाई अशी ओढते का? आणि तुमच्या अंगाला रंगाच्या दुकानाचा वास येतो, ताई. शेकायच्या ठिकाणी कोण रंग देतंय रोज?"

"मग बोलली का नाहीस, भवाने?" थोरलीला रडू फुटत होतं आणि ती ओरडत होती. तिची तऱ्हाच तशी.

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. आज सांगतील, उद्या सांगतील. तुम्हाला बरं वाटत होतं ना तिथं? चेहरा बदलला होता तुमचा. मला वाटलं, जाऊ दे, जाऊ दे थोडे दिवस." ती थांबली. "पण त्या दिवशी गर्दी असते म्हणालात, ते लागलं."

थोरलीनं ते फडकं पुन्हा कोपराला गुंडाळलं, या वेळी सैल.

त्याच दिवशी जेवताना तिनं नवऱ्याला आणि दिराला सगळं सांगितलं, रंगाच्या दुकानासकट. नवरा म्हणाला, "म्हणजे उशी मी फुकटच देत होतो?" दिरानं उठून बायकोच्या ताटात वाढलं. थोरलीला ते बोलण्यापेक्षा झोंबलं.

डॉक्टरनं धाकटीच्या हाताला पट्टी बांधली. सूज उतरेपर्यंत उचलायचं काही नाही, मग हळूहळू ताकद आणायची, म्हणाला. बाहेर आल्यावर थोरली म्हणाली, "सूज उतरली की मी नेते तुला माळ्यावर. मास्तरीण चांगली आहे, तोंडाळ आहे जरा."

"गर्दी असते ना पण तिथं?"

थोरलीनं मान खाली घातली. धाकटीनं हे वाक्य पुढंही बरेच दिवस जपून वापरलं. ज्याला हक्क असतो त्यानं वापरावं.

आता टोपल्या थोरली वाहायची. सगळ्या. दुपारी वर्गाला जायची ती सांगून, पुढच्या दारानं. बायका विचारायच्या, "काय, टोपल्या फुकट देणार होतात ना?" ती म्हणायची, "देते की, या," आणि चपला काढायची. पण दांडी उचलताना पूर्वीसारखं सुख होईना. प्रत्येक वेळी त्या लोखंडाला धाकटीचं कोपर लोंबकळलेलं दिसे.

घड्याही एकटीनंच घालायच्या ठरल्या. चादरीचं एक टोक ती गच्चीच्या कठड्याला चिमट्यांनी अडकवायची आणि दुसरं ओढायची. कठडा पुढं चालत येत नाही, कोपरा हातात देत नाही. घड्या वाकड्या व्हायच्या. हॉटेलवाला एकदा बोललासुद्धा, आणि तिनं चक्क ऐकून घेतलं.

एका संध्याकाळी ती अशीच चिमटे लावत होती. धाकटी जिना चढून वर आली. तिनं चिमटे काढले, एक कोपरा डाव्या हातात घेतला, दुसरा पट्टी बांधलेल्या हाताच्या बोटांत अडकवला आणि मागं सरकून उभी राहिली.

थोरलीनं चादर धरली. ओढायला हात उठले आणि तिथंच थांबले. एवढं बळ आलं होतं त्यांत, आणि आता ते कुठं ठेवावं तिला कळेना. चादर मधेच झोळीसारखी लोंबत राहिली.

"ताई," धाकटी म्हणाली.

"अं?"

"ओढा की. मेले नाही मी अजून."

थोरलीनं ओढली. बेतानं, श्वास सोडत. पलीकडून, एका बाजूनं जरा कमी, पण ओढ आली.