वर्देच्या बोचक्यातली चमक

आमच्या डोंगरातला लांडगा उपासाच्या शुक्रवारी मेंढरू सोडून हरभरे खातो, हे मी चाळीस वर्षं सांगतोय. कुणी मानलं नाही. पण वर्देने मरियामातेच्या मूर्तीवरची नवसाची बांगडी चोरली, हे एकदाच बोललो आणि गावाने ते पाण्यावाचून गिळलं.

बांगडी हरवल्यावर तन्नूस न्हाव्याच्या दुकानात जो तो तर्क लढवत होता. माझ्याकडे कुणी बघेना. मग मीही ठोकून दिलं, ‘‘वर्दे चर्चमधून बोचकं घेऊन निघाली, तेव्हा आत काहीतरी चमकलं बुवा!’’

वर्दे विधवा बाई. सणाची पवित्र भाकर तीच भाजायची. भाकरीवर क्रूस उमटवायचा लाकडी ठसा तिला सासूने दिलेला. रविवारी चर्चच्या कारभाऱ्यांनी तो काढून घेतला. चोरटीच्या हातची भाकर कोण तोंडात घालणार?

ते बघून मी तडक पापनिवेदनाला गेलो. आमचे पाद्री अबूना नेमतल्ला म्हणाले, ‘‘डोळ्यांनी काय बघितलंस तेवढं सांग.’’

‘‘वर्दे. आणि बोचकं.’’

‘‘बोचक्यात काय?’’

‘‘वेदीची कापडं. दर शनिवारी धुवायला नेते ती.’’

‘‘आणि चमक?’’

‘‘ती मी घातली, अबूना.’’

‘‘का रे बाबा?’’

‘‘गोष्ट अळणी लागत होती.’’

अबूना म्हणाले, ‘‘देव क्षमा करील. पण तिचं नाव तू नेलंस, ते तूच परत दे. मला इथलं बाहेर बोलता येत नाही.’’

दुकानात गेलो. पण जित्याची खोड! सैतान पालीच्या रूपाने जिभेवर कसा बसला, इथून सुरुवात केली. तन्नूस वस्तरा बाजूला ठेवून हसला. ‘‘वा शलीताकाका! ही पहिलीपेक्षा भारी. हे सांगायला वर्देने किती भाकरी चारल्या?’’

खोटं विकलं गेलं होतं, खऱ्याला गिऱ्हाईक नव्हतं.

पुढच्या रविवारी मिस्साची प्रार्थना संपताच वेदीच्या पायरीशी उभा राहिलो. खसखस पिकली. म्हणालो, ‘‘बोचक्यात कापडं होती. चमक मी घातली. मी खोटं बोललो.’’ पुढे रंगवायचं सुचलं, ते गिळलं. हसू हळूहळू विरलं. म्हाताऱ्या कारभाऱ्याने मान खाली घालून ठसा वर्देपुढे धरला. तिने तो ओढणीत गुंडाळला आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

बांगडी आजही सापडलेली नाही. तीन घरं अजून तिची भाकर घेत नाहीत.

त्याच रविवारी दुपारी तिच्या दारात गेलो. ‘‘वर्दे, माफ कर.’’

ती पीठ मळत होती. ‘‘गोष्ट छान रंगवलीस हो, शलीताभाऊ,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्या लेकाने, दोन पोरांच्या बापाने, दार लावून घेतलं आणि मला विचारलं, ‘आई, खरंच का गं?’’’

मी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो. तिने आत ये म्हटलं नाही.